बाद माल

बहात्तर आठवडे झाले की कोंबडी बाद.
फार्मवरच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं असायचं,
शेड नंबर तीन, तारीख, वजन,
आणि खाली गाडीचा नंबर.

बारा वर्षं मी तिथं अंडी मोजली,
तीसच्या ट्रेमध्ये, टोक खाली करून.
कोंबड्या मोजायचं काम माझ्याकडं नव्हतं.
मेलेल्या तेवढ्या मोजायचा सुखराम,
सकाळी, चहाच्या आधी.

त्या दिवशी गाडी भरली आणि अकरा उरल्या.
व्यापारी म्हणाला, राहू दे, जागा नाही.
मी म्हटलं, मग मी नेऊ?
तो हसला. "ने ना बापा. याईचं रस्साबी धड होनार नाही."

टमाट्याच्या दोन क्रेटी, वर जुनं लुगडं बांधलेलं,
साकोलीच्या एसटीत चढलो.
कंडक्टरनं नाक मुरडलं, क्रेटीत डोकावला.
"यायचं तिकीट फाडू काय?"
"बाद हायेत," मी म्हटलं.
तो जरा थांबला.
"मंग बसू दे. मार्चात मीबी बाद होतो."

पंचफुलेनं कंदिलासारखी एकेक उचलून पाहिली.
"काहून आनल्या वो? अर्ध्याईच्या अंगावर पिसं नाही."
नव्हतीच. मान उघडी, चोच अर्धी छाटलेली,
तुरे फिके, भिजलेल्या कागदासारखे.
अंगणात सोडल्या तर सोडल्या तिथंच बसल्या.
जन्मात तारेशिवाय पायाखाली काही आलं नव्हतं,
माती टोचत असेल.
चार दिवस तशाच,
एवढं मोठं अंगण असून
प्रत्येकीनं वहीच्या पानाएवढी जागा धरलेली.

पाचव्या दिवशी त्यातली एक
राखेच्या खड्ड्यात आडवी झाली,
पाय झाडू लागली, डोळे मिटलेले,
मी पाण्याचा लोटा घेऊन धावलो.
जिवंत कोंबडी काय काय करते, मला कुठं ठाऊक.
पंचफुलेनं मनगट धरलं.
"मरत नाही थे. आंघोळ करते."

राख उडाली. दुसरी आली. मग चौघी.
कोणी शिकवलं असेल यांना?
मशीनची लेकरं,
आईचं पोट कसं ऊन असतं तेही माहीत नसलेली.

बदक नंतर आलं.
तलावाकाठच्या रिसॉर्टात
कोण्या साहेबाच्या पोरीच्या वाढदिवसाला आणलेलं.
फोटो झाले, केक झाला, साहेब गेले.
स्वयंपाकी दोन दिवस सुरीकडं बघत राहिला म्हणे,
मग त्याला मी आठवलो.
तोवर गावानं माझं नाव बादवाला ठेवलं होतं.

बादलीत वाढलेलं ते,
तलाव दिसला की मागं सरायचं.
मी पँट वर करून गुडघाभर पाण्यात उभा,
"ये ना बापा, ये" म्हणतोय,
आणि पाळीवर ढिवरांची पोरं लोळून हसताहेत.
शेवटी त्यातल्या खेमूनं
चिखलातल्या मूठभर गोगलगायी फेकल्या पाण्यात.
एक पाऊल. मग पोट.
मग त्याला माझी गरज नव्हती.

अंडी देतात कधीमधी, पातळ कवचाची,
बोट लागलं तर फुटावीत अशी.
पंचफुला ती मोजत नाही, मलाही मोजू देत नाही.

आषाढात मुंगसानं एक नेली.
शेजारी म्हणाले, जाऊ दे, बादच तर होती.
त्या रात्री मी जेवलो नाही,
पोट बिघडलं म्हणून सांगितलं.
सुखरामच्या वहीत रोज सकाळी आकडा पडायचा,
बारा वर्षं,
आणि मी शेजारच्या बाकावर
चहात बिस्कीट बुडवत बसलेला असायचो.

आता दिवेलागणीला खुराड्याशी बसतो.
एकेक आत शिरते, मी एकेक बोट दुमडतो.
दहा होतात.
बदक सगळ्यांत शेवटी येतं, ओलं,
आत जागा असून उंबऱ्यातच बसतं,
अर्धं आत, अर्धं बाहेर.
त्याला कशात धरायचं?

"झाले का सगळे?" पंचफुला चुलीपासून विचारते.
थांब, म्हणतो,
मोजतोय अजून.